जैव-आधारित रेझिन: क्युरिंगमधली व्हिस्कॉसिटी आणि तिचं मॉडेलिंग

जवस किंवा सोयाबीन तेलाचं इपॉक्साइड, काजूच्या टरफलातून मिळणारं कार्डानॉल, फरफ्युरिल अल्कोहोल, लाकडातलं लिग्निन अशांपासून केलेलं रेझिन क्युअर होताना (म्हणजे रिअॅक्शन होऊन कडक होताना) व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, वेळ आणि तापमानाप्रमाणे कशी बदलते हे समीकरणात बसवायची पद्धत. साचा भरायला किती वेळ मिळणार ते यावरूनच ठरवतात. गरम केलं की रेझिन पातळ होतं पण त्याच उष्णतेने रिअॅक्शनही जोर धरते, त्यामुळे तापमान चढवत नेलं तर ग्राफ आधी खाली उतरतो, तळाशी जरा रेंगाळतो आणि मग एकदम वर सुटतो.

1970 च्या दशकातलं रोलरचं मॉडेल फक्त वेळ आणि तापमान धरतं. त्यानंतरचं, साधारण 1980 च्या सुमाराचं कास्त्रो-मॅकोस्को मॉडेल रिअॅक्शन किती टक्के झाली हे धरतं आणि जेल पॉइंटला, म्हणजे रेझिन वाहायचं थांबून जेल बनतं तिथे, व्हिस्कॉसिटी अनंत होते असं मानतं, बायो रेझिनला हेच जास्त बरं लागू पडतं. रिअॅक्शनचा वेग बहुधा डीएससी या उष्णता मोजणाऱ्या तंत्राच्या मोजमापावर कमाल-सुरूर समीकरण बसवून काढतात.

खरी अडचण जेल पॉइंटचा आकडा कुठला घ्यायचा इथे आहे. दोन इपॉक्सी गट असलेलं नेहमीचं रेझिन आणि डायअमाइन (त्याला कडक करणारा हार्डनर) योग्य प्रमाणात घेतलं तर रेणूंचं जाळं कधी जुळतं हे सांगणाऱ्या फ्लोरी-स्टॉकमायर सिद्धांताने 0.58 च्या आसपास, म्हणजे सुमारे 58 टक्के रिअॅक्शन झाल्यावर, असं उत्तर येतं. तेलात इपॉक्सी गट दुहेरी बंधाच्या जागी तयार होतात, आणि जवस तेलात मात्र ओलेइक आम्लाला एक दुहेरी बंध, लिनोलेइकला दोन, लिनोलेनिकला तीन आणि पामिटिक-स्टीअरिकला एकही नाही, म्हणजे प्रत्येक रेणूवर इपॉक्सी गट वेगवेगळे, त्यात ते साखळीच्या मधोमध असल्याने अमाइनशी सावकाश रिअॅक्ट होतात म्हणून अनेकदा अॅनहायड्राइड हा दुसऱ्या प्रकारचा हार्डनर वापरतात, तिथे रिअॅक्शनची वाटच बदलते आणि 0.58 उसना घेण्यात अर्थ उरत नाही, तो मोजलेलाच बरा.

मोजायचा कसा यावरही एकमत नाही. बरेच जण रेझिनला आंदोलन देऊन मोजलेले स्टोरेज मॉड्युलस (लवचिक भाग) आणि लॉस मॉड्युलस (वाहणारा भाग) जिथे एकमेकांना छेदतात तो क्षण धरतात, झटपट काम होतं. विंटर आणि शांबों यांचा 1980 च्या दशकातला निकष म्हणजे टॅन डेल्टा (लॉस भागिले स्टोरेज) आंदोलनाच्या सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा येतो तो बिंदू, आणि छेदबिंदू त्याच्याशी जुळतो तो रिलॅक्सेशन घातांक (जेल पॉइंटला मॉड्युलस फ्रिक्वेन्सीप्रमाणे किती बदलतं त्याचा आकडा) 0.5 असेल तेव्हाच. असमान रेणूंच्या तेलात तसं गृहीत धरणं धोक्याचं, म्हणून दुसरा निकष जास्त भरवशाचा.

फरफ्युरिल रेझिनमध्ये रिअॅक्शनमधून पाणी सुटतं, मोजणाऱ्या यंत्राच्या प्लेटमध्ये बुडबुडे झाले की रीडिंग बिघडतं. लिग्निन असेल तर शिअर रेटही (रेझिनचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात तो) धरावा लागू शकतो.