सव्वा इंचाची चकती, अडीच इंचांची उंची

कासारवडवलीला आमच्या सोसायटीत एक डबल कॅब पिकअप उभी असते. मे महिन्यात शेजारच्या मुलानं ती गॅरेजमधून अडीच इंच उचलून, म्हणजे 'लिफ्ट' करून आणली. म्हणाला, "काका, घोडबंदरचे खड्डे आता गेले खड्ड्यात!" जूनच्या अखेरीस मात्र प्रत्येक गतिरोधकावरून उतरताना पुढून 'खट्' असा आवाज येऊ लागला. काम केलेल्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. लोखंड असं बसत नाही, ते घासतं. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं गाडीखाली वाकलो.

पुढे प्रत्येक शॉकअपच्या (स्प्रिंग गुंडाळलेल्या, धक्के झेलणाऱ्या नळीच्या) डोक्यावर एक ॲल्युमिनियमची चकती होती. जाडी जेमतेम सव्वा इंच. मग गाडी अडीच इंच कशी उचलली गेली? त्याला वाटलं, गॅरेजवाल्यानं फुकटात जास्त दिलं. खरं उत्तर दाराच्या बिजागरीत आहे. दार मधोमध ढकललं, तर कडीकडचं टोक दुप्पट सरकतं. इथे खालचा आर्म (चाक गाडीला धरून ठेवणारा आडवा हात) हे दार, गाडीच्या सांगाड्याकडे, म्हणजे चॅसिसकडे त्याची बिजागरी आणि बाहेरच्या टोकाला चाक. शॉकअप या आर्मला साधारण मध्यावर टेकतो. तो सव्वा इंच खाली गेला, की चाक अडीच इंच खाली जातं आणि चाक जमिनीवरच असल्यानं गाडी तेवढी वर येते.

स्प्रिंग बदललेली नाही, वजनही तेच आहे. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे स्प्रिंग वजनाच्या प्रमाणात दबते, त्यामुळे ती पूर्वीइतकीच दबून बसली आहे. म्हणजे स्वस्तातल्या लिफ्टमध्ये चाकाची वर-खाली होण्याची मुभा वाढत नाही, ती सगळीच्या सगळी खाली सरकते. खड्ड्यात चाक लोंबतं तेव्हा ते कंपनीनं आखलेल्या हद्दीच्या खाली जातं. तिथे वरचा आर्म नको तेवढा कलतो, बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) टोकाला पोहोचतो आणि ४×४ गाडीत, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते तिथे, पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे जॉइंट तिरके फिरून तापू लागतात. त्यांचे रबरी बूट ताणून फाटले, की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. (४×२ असेल तर पुढे शाफ्टच नाहीत, निदान ही एक कटकट मिटते.)

दुसऱ्या प्रकारच्या चकत्या स्प्रिंगच्या वर, शॉकअपच्या जोडणीच्या आत बसतात. त्यांनी स्प्रिंग कडक होते असं बरेच मेकॅनिक सांगतात, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. चकतीनं त्यात तसूभरही फरक पडत नाही. तरी गाडी आदळते, कारण उभी असतानाच शॉकअपचा दांडा बराच बाहेर आलेला असतो. खड्डा आला, की खाली जायला जागाच उरत नाही.

मागे ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा आडवा नळा) आणि कमानीचे पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घातले होते. चाक पुढे फिरू लागलं की ॲक्सलचा नळा उलटा पिळला जातो. ती पीळ पाटे धरून ठेवतात. ठोकळा उंच, तेवढा त्या पिळीला तरफेचा दांडा लांब. चढावर लो गिअरमध्ये जोर दिला, की पाटे 'एस'सारखे वाकतात आणि मागची चाकं नाचतात. लहान ओतीव ठोकळा चालून जातो, पण एकावर एक दोन ठोकळे पाहिले, तर मी त्या गॅरेजमधून गाडी परत घेऊन येईन.

मग टेप लावून मागच्या डिफरन्शिअलची, म्हणजे ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याची, जमिनीपासूनची उंची मोजली. लिफ्टपूर्वी होती तेवढीच! पोरगा चक्रावला, पण सखल खड्ड्यातल्या दगडाला हाच गोळा आधी लागतो आणि तो सस्पेन्शनच्या (स्प्रिंगा, पाटे आणि शॉकअप यांच्या) वर नाही, चाकांच्या मध्ये असतो. तो उचलायचा तर मोठा टायर लागतो. २६५/६५ आर १७ काढून २६५/७० आर १७ घातला, तर व्यास साधारण २६ मि.मी. वाढतो आणि गोळा वर येतो त्याच्या निम्मा, १३ मि.मी. लिफ्टच्या महागड्या किटनंही हे बदलत नाही.

महागड्या किटमध्ये मिळतं काय? ज्यादा वजनासाठी आखलेल्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे लांब शॉकअप, वरचे नवे आर्म आणि मागे पाट्यांचा नवा जुडगा. शॉकअप म्हणजे बारीक भोकांतून ढकललं जाणारं तेल. स्प्रिंगची ताकद त्या रेल्यात जिरते, म्हणून दोन्ही एकमेकांसाठी बनलेली हवीत. नवे आर्म चाकाचा कल पुन्हा जागेवर आणतात, नाहीतर टायर एका कडेनं झिजतो आणि वळणानंतर स्टिअरिंग सरळ यायला कुरकुरतं. किंमत कित्येक पट असते. माझं मत विचाराल, तर ठाण्यातून तुर्भ्याला ये-जा करणाऱ्यानं इंचभर चकती आणि चाकांची अलाइनमेंट (कल आणि दिशा जुळवणं) यांवर थांबावं. बंपरवर विंच (अडकलेली गाडी ओढणारी चरखी), मागे कायमचं सामान आणि महिन्याला दोनदा मुरबाडपलीकडच्या कच्च्या वाटा असतील, तर पूर्ण किट घ्यावं. अडीच इंच आणि तेही चकत्यांवर, हा सौदा मला पटत नाही.

उंचीची किंमत वळणावरही द्यावी लागते. समजा डाव्या-उजव्या चाकांमध्ये १५६० मि.मी. अंतर आहे आणि गुरुत्वमध्य ७०० मि.मी. उंचीवर. निम्म्या अंतराला उंचीनं भागलं, की १.११ येतं. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी उलटायला अवघड. अडीच इंचांच्या लिफ्टनं गुरुत्वमध्य ५५ मि.मी. वर गेला, तर १.०३ उरतात. कोरड्या रस्त्यावर टायर सहसा त्याआधीच घसरतो, पण घसरताना चाक दुभाजकाला अडलं तर हेच दशांश कामाला येतात. अमेरिकेतल्या हौशी सहा इंची लिफ्टांमध्ये हा आकडा सहज एकच्या खाली जातो.

हेडलाइटचा झोत खाली घ्यायचा राहून गेला, तर समोरच्याचे डोळे दिपतात, तेव्हा तो त्याच दिवशी जुळवून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर बंधन घातलंय आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते अधोरेखित केलं. पैसे मोजण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारलेलं बरं.

शेवटी आम्ही गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, पुढचं चाक काढलं आणि आर्म लोंबू दिला. वरचा आर्म थेट स्प्रिंगला टेकला. दोन्हींवरचा काळा रंग एकाच जागी खरवडला होता आणि आतलं लोखंड लखलखत होतं. "काका, हाच तो खट्," तो म्हणाला, आणि मोबाइलवर गॅरेजचा नंबर शोधू लागला.