घड्याळाच्या केसचा हलणारा बाह्य भाग : पेटंट परीक्षण

घड्याळाच्या केसवर बाहेरून बसवलेला आणि हाताने फिरवता, सरकवता, उघडता किंवा उलटवता येणारा भाग हा ज्या शोधाचा गाभा आहे, त्याच्या पेटंट अर्जाची पेटंट कार्यालयाकडून होणारी तपासणी. फिरते बेझेल (काचेभोवतीची कडी), स्क्रूसारखी आवळली जाणारी चावी (घड्याळाला किल्ली द्यायची बाजूची गोल कळ), बिजागरीचे झाकण, पूर्ण केसच पालथी करण्याची सोय हे या प्रकारातले नेहमीचे भाग. शोध नवा आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला तो सहज सुचला असता का आणि अर्जात तो पुरेसा उलगडून सांगितला आहे का, हे तपासणीतले मुख्य प्रश्न.

केसचे काम यंत्र बंदिस्त ठेवण्याचे. धूळ, घाम, पाणी आत जाऊ नये म्हणून ती जितकी अखंड तितकी चांगली. बाहेरचा भाग हलता केला की सांधा आला, सांध्याबरोबर फट आली आणि फटीबरोबर झीज, सैलपणा व गळती आली. त्यामुळे अशा अर्जांतला खरा शोध बहुतेक वेळा हलणाऱ्या भागापेक्षा त्याच्या सांध्यात सापडतो. भाग कशावर फिरतो, कुठे थांबतो, चुकून हलू नये म्हणून त्याला काय धरून ठेवते आणि पाणी नेमके कुठे अडते, यांची उत्तरे छेदचित्रात असतात. समोरून काढलेली देखणी आकृती परीक्षणाला फारशी कामाची नसते.

आधीचे शोध

नावीन्य ठरवायचे तर आधी काय होते ते समोर हवे, आणि घड्याळांच्या बाबतीत हा साठा प्रचंड आहे. खिशातल्या ‘हंटर’ घड्याळांच्या काचेवर बिजागरीचे धातूचे झाकण असे. चावी दाबली की ते टपकन उघडे. ‘केस आणि तिला जोडलेला हलणारा बाह्य भाग’ एवढाच दावा कोणी केला, तर तो मनगटी घड्याळे रूढ होण्याआधीच्या या वस्तूंपुढेच कोसळतो.

१९२५ मध्ये ला शो-द-फों या स्विस घड्याळनगरीतल्या पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे यांनी केसवर आवळून बसवता येणाऱ्या चावीसाठी पेटंट अर्ज केला. त्याचे हक्क रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी घेतले आणि १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ ही जलरोधक केस आली. कल्पना सोपी, पण अडचण सांध्यात होती. चावी आवळताना तिच्याबरोबर आतला दांडाही फिरतो आणि यंत्राची मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग आधीच पूर्ण भरलेली असेल, तर चावी पुढे आवळायची कशी? पुढच्या सुधारणेत चावी आणि दांडा यांच्यामध्ये क्लच आला. आवळलेल्या अवस्थेत दोघे सुटे, सोडवल्यावर पुन्हा जोडलेले. पहिल्या अर्जात पाणी अडवणे हा प्रश्न होता. दुसऱ्या सुधारणेने पहिल्या उत्तरातून उभा राहिलेला प्रश्न सोडवला. एकाच भागावर पुन्हा पेटंट कसे मिळू शकते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध शोध म्हणजे ‘रिव्हर्सो’ हे उलटवता येणारे मनगटी घड्याळ, आणि त्याचा धागा भारताशी जुळतो. ते बनवणारी कंपनी सांगते तो इतिहास असा : भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळात फुटत. १९३०-३१ च्या सुमारास भारतात आलेले स्विस व्यावसायिक सेझार द त्रे यांच्यासमोर ही तक्रार मांडली गेली आणि त्यांनी ती घड्याळनिर्माते झाक-दाव्हीद लकुल्त्र यांच्यापर्यंत नेली. रचना केली फ्रेंच अभियंता रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी. त्यांनी ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये अर्ज दाखल केला. आधारात सरकू शकणारे आणि पूर्णपणे उलटता येणारे घड्याळ, असे त्याचे वर्णन होते.

या वर्णनात ‘सरकू शकणारे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. केस मनगटावर टेकलेली असताना ती जागच्या जागी उलटवता येत नाही. खाली आधाराची पाटी आडवी येते. शोव्हो यांच्या रचनेत केस आधी खाचांमधून बाजूला सरकते, मग बाजूच्या खुंट्यांवर फिरून पालथी होते आणि पुन्हा आत सरकून बसते. काच खाली जाते, वर धातूची पाठ येते. सरकणे आणि फिरणे या दोन्ही हालचाली तेव्हाच्या कारागिरांना परिचित होत्या. त्या याच क्रमाने, त्याच खुंट्यांवर आणि घड्याळाची जाडी फारशी न वाढवता साधणे यात शोध होता.

शोव्हो यांच्या अर्जाची फ्रान्समध्ये नावीन्यासाठी तपासणीच झाली नाही. १८४४ च्या फ्रेंच कायद्यानुसार पेटंट पूर्वतपासणीविना आणि अर्जदाराच्या जबाबदारीवर दिले जाई. वस्तूवर पेटंटचा उल्लेख केला तर ‘एस.जी.डी.जी.’ म्हणजे ‘शासनाच्या हमीविना’ ही अक्षरे घालावी लागत. पेटंट टिकते की नाही हे वाद झाल्यावर न्यायालय ठरवी. जुन्या फ्रेंच घड्याळांवर ही अक्षरे दिसली की तो दर्जाचा शिक्का समजला जातो. प्रत्यक्षात तपासणी झालेली नाही अशी ती कबुली होती. शोध जाणकाराला सहज सुचण्याजोगा आहे का, हे पेटंट देण्यापूर्वी तपासण्याची पद्धत फ्रान्समध्ये २०२० पासून आली.

फिरत्या कडीचा इतिहासही वैमानिक आणि पाण्यात बुडी मारणारे पाणबुडे यांच्या गरजांतून घडला. अमेरिकी नौदलातले दिशानिर्धारणाचे (नॅव्हिगेशन) तज्ज्ञ फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांना सेकंदकाटा न थांबवता रेडिओवरच्या वेळसंकेताशी जुळवायचा होता. त्यांनी काट्याऐवजी सेकंदांची मोजपट्टीच फिरती केली. त्यांचे अमेरिकी पेटंट १९३५ मध्ये मंजूर झाले. पुढच्या काही वीम्स घड्याळांत फिरते बेझेल आणि ते जागीच जखडायला बाजूला दुसरी छोटी चावी होती. १९५३ मध्ये ब्लांपाँ कंपनीचे झाँ-झाक फिश्टर यांच्या ‘फिफ्टी फॅदम्स’ या पाणबुड्याच्या घड्याळात बेझेल दाबल्याशिवाय फिरत नसे. पाण्याखाली गेलेला वेळ मोजायची बेझेलवरची खूण दगडाला घासून सरकली, तर टाकीत उरलेल्या हवेचा हिशेबच चुकतो, म्हणून ही खबरदारी. नंतर एकाच दिशेला फिरणारी बेझेल रूढ झाली. ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेलाच फिरते. चुकून हलली तरी गेलेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकातही वेळ मोजणारी ही सोय चुकून हलण्यापासून सुरक्षित असावी, अशी अट आहे.

दाव्याचे वाचन

पेटंटचे संरक्षण दाव्यांतून ठरते, म्हणून परीक्षण म्हणजे मुख्यतः दाव्यांचे वाचन. एक कल्पित दावा घेऊ : ‘मध्यभाग, त्याभोवती फिरणारी कडी आणि त्या दोहोंमधली स्प्रिंग असलेली घड्याळाची केस, जिचे वैशिष्ट्य असे की कडी वर उचलल्यावरच फिरते आणि सोडल्यावर तिचे दाते मध्यभागाच्या दात्यांत अडकून ती जखडली जाते.’ युरोपीय पद्धतीत दावा शक्यतो असाच दोन भागांत लिहायचा असतो. ‘वैशिष्ट्य असे की’ याच्या आधी जे ज्ञात आहे ते, नंतर जे नवे म्हणून मागितले आहे ते.

परीक्षक दाव्याचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्या एकेका दस्तऐवजाशी ताडून पाहतो. सगळे तुकडे एकाच दस्तऐवजात सापडले तर नावीन्य संपले. एखादा उरला तर पुढचा प्रश्न येतो : त्या उरलेल्या तुकड्याने प्रत्यक्षात काय साधते? युरोपीय पेटंट कार्यालयात त्यावरून तांत्रिक समस्या मांडली जाते आणि जाणकार माणूस ती सोडवताना याच उत्तराकडे वळला असता का, हे पाहिले जाते. वरच्या दाव्यात कडी दाबण्याऐवजी उचलायची, एवढाच फरक उरला तर अर्जदाराची बाजू लंगडी आहे. उलट, उचलल्यामुळे कडीखालची रबरी रिंग घासली न जाता तिची झीज टळते, असे अर्जात मुळातच लिहिलेले असेल तर बाजू बळकट होते. पण ते मुळात लिहिलेले हवे. परीक्षकाचा आक्षेप आल्यावर नवी माहिती आत घालता येत नाही. युरोपात आणि भारतातही या नियमावर अनेक चांगले अर्ज अडतात.

शब्द जितका मोकळा, तितका तो अर्जदारावर उलटतो. ‘बाह्य’ आणि ‘हलणारा’ हे दोन्ही शब्द चावीला, स्टॉपवॉचच्या बटणाला आणि पट्ट्याच्या सांध्यालाही लागू पडतात. मोठे क्षेत्र अडवायच्या हौशीने दावा असा लिहिला की परीक्षक साधे चावीचे पेटंटही त्याच्याविरुद्ध उभे करू शकतो. ‘फिरण्यास योग्य असा’ यासारखी केवळ कार्य सांगणारी भाषाही तशीच धोक्याची. ते कार्य करू शकणारी कोणतीही जुनी रचना मग आड येते.

पूर्वज्ञान म्हणजे आधीच ज्ञात असलेल्या रचना. त्यांचा धांडोळा फक्त घड्याळांत थांबत नाही. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात घड्याळांना जी०४ हा वर्ग आहे. यांत्रिक घड्याळे जी०४बी मध्ये, केस जी०४बी ३७ मध्ये आणि फिरवता येणाऱ्या खुणा जी०४बी १९/२८ मध्ये. मात्र दाबून फिरवायचे औषधाच्या बाटलीचे झाकण, कॅमेऱ्याच्या भिंगावरची कडी, होकायंत्राची चकती यांतही तोच सांधा भेटतो. घड्याळ बनवणारा तिथे डोकावला असता का, यावर परीक्षक आणि अर्जदार यांच्यात खरी झुंज होते. बेझेल हे स्मार्ट घड्याळाचे बटण झाल्यावर, उदाहरणार्थ २०१५ च्या सॅमसंग गिअर एस२ मध्ये, संगणकाच्या इनपुट उपकरणांचा जी०६एफ वर्गही चाळावा लागतो.

भारतातील परीक्षण

भारतात पेटंट कायदा, १९७० लागू आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते, आणि २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर तिची मुदत अग्रक्रमाच्या तारखेपासून (त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेपासून) ३१ महिने आहे. आधी ती ४८ महिने होती. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी अँटॉप हिलचे मुंबई कार्यालय हे योग्य कार्यालय, मात्र प्रत्यक्ष तपासणी देशातल्या चारही कार्यालयांपैकी कुठल्याही परीक्षकाकडे जाऊ शकते.

परीक्षक पहिला परीक्षण अहवाल पाठवतो. उत्तराला ६ महिने मिळतात आणि मागितल्यास आणखी ३. आक्षेप राहिले तर अर्जदाराला सुनावणी मिळते, आणि अर्ज फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते.

घड्याळाच्या केससाठी कलम ३(एफ) फार महत्त्वाचे. ज्ञात साधने नुसती शेजारी मांडणे, त्यांची फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती करणे, आणि प्रत्येक साधन आपापले काम ज्ञात पद्धतीने स्वतंत्रपणे करत असणे, हा कायद्याच्या दृष्टीने शोध नाही. फिरते बेझेल आणि उघडणारी पाठ एकाच केसवर बसवली, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, तर हे कलम आड येते. बेझेल फिरवल्यानेच पाठीची कडी सुटत असेल, तर दोघांत सांधा तयार झाला आणि चर्चेला जागा उरली.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा आधारभूत निकाल १९७८ चा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यातला आहे. विषय घड्याळाचा नव्हता. घासकामासाठी भांडी लेथवर पकडून धरण्याच्या साधनाचा होता. ज्ञात भाग जुळवून केलेली साधी कारखान्यातली सुधारणा पेटंटला पुरेशी नाही, एरवीच्या कारागिराच्या पुढचे काही तरी हवे, असे न्यायालयाने ठरवले आणि पेटंट रद्द झाले. छोट्या यांत्रिक भागांच्या अर्जांवर हा निकाल आजही लावला जातो, आणि तो न्याय्य आहे. नाहीतर प्रत्येक वर्कशॉपमधली रोजची युक्ती कोणाच्या तरी मालकीची झाली असती.

मंजुरीपूर्वी कोणालाही विरोध नोंदवता येतो, मंजुरीनंतर संबंधित व्यक्तीला एका वर्षात. या टप्प्यावर जुने कॅटलॉग, दुरुस्तीची पुस्तिका किंवा तारीख सिद्ध होणारे घड्याळच पुरावा म्हणून येऊ शकते. घड्याळ संग्राहकांचे ज्ञान इथे खरोखर कामी येते, कारण कित्येक जुन्या रचनांचे पेटंट कोणी घेतलेच नव्हते आणि त्या केवळ वस्तूंतून उरल्या आहेत.

स्वित्झर्लंडची वेगळी वाट

स्वित्झर्लंडमध्ये पेटंट नावीन्याची तपासणी न करताच दिले जाते. पण १९५४ च्या कायद्याने दोन क्षेत्रांसाठी पूर्वतपासणी आणली, आणि त्यातले एक घड्याळांचे होते, दुसरे वस्त्रप्रक्रियेचे. ज्या उद्योगावर देशाची कमाई उभी होती, तिथे कच्ची पेटंटे परवडणारी नव्हती. ही खास तपासणी पुढे बंद झाली. २०२४ मध्ये स्विस संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अर्जदाराने मागितल्यास पूर्ण परीक्षणाची सोय मंजूर केली.

रूपाचे संरक्षण हा वेगळा विषय आहे. बेझेलच्या कडेची नक्षी, केसचा चौकोनी घाट यांना भारतात डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी मिळते. घड्याळे डिझाइनांच्या आंतरराष्ट्रीय लोकार्नो वर्गीकरणाच्या दहाव्या वर्गात येतात आणि संरक्षण १० अधिक ५ वर्षांचे असते. यांत्रिक रचना त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणून फिरणाऱ्या कडीसाठी पुष्कळदा दोन अर्ज केले जातात : कडी दिसते कशी यासाठी डिझाइनचा, आणि ती जखडली कशी जाते यासाठी २० वर्षांच्या पेटंटचा.