राउटेड जोडणी (व्हर्च्युअल मशीन)

भाड्याच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवताना मूळ यंत्रालाच, म्हणजे होस्टला, राउटर करून त्यांची पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, ये-जा करू देण्याची पद्धत. प्रॉक्समॉक्स किंवा साध्या केव्हीएमवर (दोन्ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी सॉफ्टवेअरे) चालणाऱ्या लिनक्स होस्टवर ती सर्रास वापरतात.

घरी किंवा ऑफिसात तिची गरज सहसा पडत नाही. तिथे ब्रिज (होस्टमधला सॉफ्टवेअरचा स्विच) केला की प्रत्येक मशीन स्वतःच्या मॅक पत्त्यानिशी (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकानिशी) स्विचवर दिसते आणि काम भागते. डेटा सेंटरमध्ये मात्र शिस्त कडक असते. जर्मनीतील हेट्झनरसारख्या कंपनीकडे सर्व्हरच्या पोर्टवर अनोळखी मॅक पत्ता दिसणे हा नियमभंग ठरतो. जादा आयपीसाठी वेगळा मॅक पत्ता मागून घेता येतो, पण राउटेड जोडणीत तो प्रश्नच उरत नाही, कारण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर होस्टचाच मॅक पत्ता असतो.

समजा, होस्टचा पत्ता २०३.०.११३.१० आणि जादा मिळालेला पत्ता १९८.५१.१००.२७ आहे. होस्टवर कुठल्याही भौतिक कार्डाला न जोडलेला एक ब्रिज करतात, आयपी फॉरवर्डिंग (एकीकडून आलेली पॅकेट दुसरीकडे पाठवणे) चालू करतात आणि '१९८.५१.१००.२७/३२ या ब्रिजवर आहे' असा मार्ग लिहितात. मशीनमध्ये तोच पत्ता /३२ म्हणून, म्हणजे एकाच पत्त्याचे नेटवर्क म्हणून, देतात; गेटवे, म्हणजे बाहेर जायचे दार, म्हणून होस्ट. नवखे इथेच अडतात: /३२ मध्ये शेजारी कोणी नसतोच, त्यामुळे गेटवे थेट याच तारेवर आहे, हे मशीनला वेगळे सांगावे लागते. कंपनी जादा पत्ता होस्टकडे राउट करत असेल तर एवढे पुरते. ती एआरपीने ('हा आयपी कोणत्या मॅक पत्त्यावर आहे?' अशी विचारणा) त्याचा शोध घेत असेल तर होस्टला प्रॉक्सी एआरपीने, म्हणजे मशीनच्या वतीने, उत्तर द्यावे लागते.

युरोपातील पत्तेवाटप संस्था राइप एनसीसीकडचा आयपीव्ही४ साठा नोव्हेंबर २०१९ मध्ये संपला, त्यामुळे प्रत्येक मशीनला सार्वजनिक पत्ता देणे महाग पडते. मग खाजगी पत्ते आणि नॅट (अनेक मशीननी होस्टचा एकच सार्वजनिक पत्ता वापरणे) हा मार्ग उरतो. वेब सर्व्हरपुढे रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली विनंती योग्य मशीनकडे पोचवणारा मध्यस्थ) असेल तर नॅट पुरेसे आहे. मेल सर्व्हरला मात्र स्वतंत्र पत्ताच बरा. आयपीव्ही६ मध्ये ही टंचाई नाही. अनेक कंपन्या सर्व्हरमागे /६४ चा अख्खा पट्टा देतात. होस्टने बाहेरच्या कार्डावर त्यातला एकच पत्ता /१२८ (आयपीव्ही६ मधला एकटा पत्ता) म्हणून ठेवायचा आणि बाकी पट्टा ब्रिजकडे वळवायचा.

बिघाड बहुधा क्षुल्लक निघतो. फॉरवर्डिंग तात्पुरते चालू केलेले असते आणि रीबूटनंतर सगळी मशीन गप्प होतात. दुसरा नेहमीचा संशयित डॉकर, हे कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर: होस्टवर ते बसवले की फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचे (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांचे) धोरण 'ड्रॉप', म्हणजे टाकून द्या, असे होऊ शकते. होस्ट पिंगला उत्तर देतो, मशीन देत नाही. अशा वेळी होस्टच्या दोन्ही बाजूंना टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावतात. पॅकेट बाहेरच्या कार्डावर दिसले आणि ब्रिजवर दिसले नाही, तर दोष होस्टचा.