ग्रॅफीन इलेक्ट्रोड

लिथियम-आयन बॅटरी लवकर चार्ज व्हावी म्हणून जिच्या इलेक्ट्रोडमध्ये ग्रॅफीन, म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड जाळीदार पापुद्रा, मिसळतात, ती रचना. आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत हा पापुद्रा वेगळा केला होता.

चार्जिंगचा वेग मुख्यतः अॅनोडपाशी, म्हणजे चार्ज होताना लिथियम साठवणाऱ्या ऋण इलेक्ट्रोडपाशी, अडतो. नेहमीच्या बॅटरीत अॅनोड ग्रॅफाइटचा असतो आणि लिथियमचे आयन त्याच्या कणांच्या कडांतून शिरून जेमतेम ०.३३५ नॅनोमीटर अंतरावरच्या थरांमध्ये बसतात. प्रवाह फार वाढवला, की येणारे आयन आत सामावेनासे होतात आणि पृष्ठभागावरच धातुरूपाने साचू लागतात. थंडीत हे अधिक घडते. या साच्याला फुटणारे सुईसारखे कोंब दोन इलेक्ट्रोडमधला पडदा भेदून शॉर्टसर्किट घडवू शकतात.

मात्र ग्रॅफाइट काढून त्याजागी नुसते ग्रॅफीन भरल्याने काम भागत नाही. त्याचे सैद्धांतिक पृष्ठफळ दर ग्रॅमला सुमारे २,६३० चौरस मीटर असते, आणि हाच गुण येथे नडतो: पहिल्याच चार्जिंगला एवढ्या पृष्ठभागावर जो संरक्षक थर धरतो, त्यात बरेचसे लिथियम कायमचे अडकून पडते. शिवाय वाळवताना पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटतात, म्हणजे आटापिटा करून सोललेले ग्रॅफाइट परत ग्रॅफाइटच्या वाटेला लागते.

त्यामुळे ग्रॅफीनकडे साठवणुकीपेक्षा वहनाचे काम सोपवले जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटसारख्या मंदवाहक कॅथोड (धन इलेक्ट्रोड) पदार्थाच्या कणांना ते वेढून असते, तर लिथियम शोषताना जवळजवळ चौपट फुगणाऱ्या सिलिकॉनला ते लवचीक आवरण पुरवते. येथेही एक मेख आहे. इलेक्ट्रॉन पापुद्र्यावरून सहज धावतात, पण निर्दोष पापुद्र्यातून लिथियम आरपार जात नाही. आयनांना लांबचा वळसा पडतो आणि मिळवलेला वेग तिथेच खर्ची पडतो. यासाठी काही संशोधक पापुद्र्यांना मुद्दाम छिद्रे पाडतात. सॅमसंगच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वेगळा मार्ग धरला: सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवर ग्रॅफीन वाढवून मक्याच्या लाहीसारखे गोळे केले आणि त्यांचा लेप निकेलबहुल कॅथोडला दिला. अशी बॅटरी १२ मिनिटांत पूर्ण चार्ज होऊ शकते, असा कंपनीचा दावा होता.

बाजारात ‘ग्रॅफीन बॅटरी’ म्हणून जे विकले जाते, ते बहुधा थोडे ग्रॅफीन मिसळलेली लिथियम-आयन बॅटरी असते. विजेवरच्या दुचाकींसाठी तर याच नावाखाली शिसे-आम्ल बॅटऱ्याही विकल्या जातात.