मुलाखतीचे गुण आणि कमी बोलणारा उमेदवार : पार्श्वभूमी

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 च्या जाहिरातीपासून वर्णनात्मक झाली. लेखी 1750 आणि मुलाखत 275, एकूण 2025 गुण. आधीच्या बहुपर्यायी पद्धतीत लेखी 800 आणि मुलाखत 100 होती. म्हणजे मुलाखतीचा वाटा 11 टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर गेला. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि बदल दोन वर्षे पुढे गेला. पण आंदोलनाचा सगळा रोख वर्णनात्मक उत्तरे आणि तयारीला मिळणारा वेळ यांवर होता. मुलाखतीचे वाढलेले वजन त्या गदारोळात झाकले गेले. घुम्या, मुखदुर्बळ, शिष्ट अशी विशेषणे लहानपणापासून ऐकत आलेल्या उमेदवाराने खरे तर आधी तेच पाहायला हवे होते.

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी 1921 मध्ये एका स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या ग्रंथातून रूढ झाली. त्यात डावे-उजवे नव्हते. एकाचा ओढा आतल्या जगाकडे, दुसऱ्याचा बाहेरच्या, इतकेच. भरती करणाऱ्याला मात्र माणसाचे वर्णन करून भागत नाही, त्याला आकडा मांडावा लागतो. इंग्रजी अमदानीतल्या सनदी परीक्षेत तोंडी परीक्षा आली ती याच गरजेतून, आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. पन्नाशीच्या दशकात काही वर्षे तर मुलाखतीत किमान गुण मिळवण्याची वेगळी अट होती. लेखीत कितीही गुण असोत, खोलीत बोलणे जमले नाही की संपले. ती अट त्याच दशकात गेली. पुढचा वाद वाट्याचा होता.

हा वाद न्यायालयात गेला तो श्रीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांवरून. लेखी 100 गुणांची, मुलाखत 50 ची, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडी. विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती की प्रत्येकाला आत जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळाली, आणि प्रश्नही वडील काय करतात, राहता कुठे, या धाटणीचे. अशा दोन मिनिटांत कोण उजळून निघतो हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. नोव्हेंबर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशासाठी मुलाखतीला 15 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा देणे मनमानीचे ठरेल असे सांगितले, वर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या न्यायिक पदांच्या भरतीत मात्र 25 टक्के वाटा चालवून घेतला गेला. तर्क असा की शाळकरी मुलाचे व्यक्तिमत्त्व घडत असते, नोकरीला आलेल्या प्रौढाचे घडलेले असते, तेव्हा त्याच्याशी बोलून काही तरी कळू शकते.

मग 1985 चे हरियाणाच्या राज्यसेवा भरतीचे प्रकरण. 61 जागा आणि मुलाखतीला तेराशेहून अधिक उमेदवार. मुलाखतीचा वाटा सर्वसाधारण गटाला 22.2 टक्के, माजी सैनिकांना 33.3 टक्के. इतक्या माणसांना बोलावले आणि तोंडी गुणही इतके ठेवले की लेखीतला क्रम उलटापालटा व्हायला वेळ लागत नाही. न्यायालयाने हे प्रमाण जास्त ठरवले आणि केंद्रीय सनदी परीक्षेचे माप पुढे केले, 2050 पैकी 250, म्हणजे 12.2 टक्के. माजी सैनिकांसाठी कमाल 25 टक्के.

या निकालांत मुद्दा होता वशिल्याचा आणि मनमानीचा. कमी बोलणाऱ्याची बाजू म्हणून कुणी मांडली नव्हती. तरी फायदा झाला तो त्याचाच. आपल्याकडे अबोल माणसाला जी काही दाद मिळाली ती बहुतेक अशी, दुसऱ्याच कुठल्या भांडणाच्या निमित्ताने. 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या अराजपत्रित गट ब, तसेच गट क आणि ड पदांसाठी मुलाखतच बंद झाली, तेव्हाही कारण भ्रष्टाचाराला आळा हेच दिले गेले.

केंद्रीय परीक्षेत मात्र वाटा हळूहळू चढत राहिला. 1993 मध्ये 2300 पैकी 300, 2013 मध्ये 2025 पैकी 275. राज्याने उचलला तो हाच दुसरा साचा. गंमत अशी की या मुलाखतीच्या अधिकृत वर्णनात बडबडीला कुठेच जागा नाही. मानसिक सजगता, मुद्देसूद मांडणी, निर्णयातला तोल, रस असलेल्या विषयांची खोली, सचोटी, असे गुण त्यात आहेत. उलटतपासणी नव्हे, सहज पण हेतुपूर्वक संभाषण, असेही म्हटले आहे. नेतृत्वाचा उल्लेख आहे, पण ते आवाज चढवूनच करायचे असे कुठे लिहिलेले नाही. सदाशिव पेठेतल्या मॉक मुलाखतींत मात्र पहिला शेरा हमखास ठरलेला, ‘जरा खुलून बोला’. प्रश्न ऐकून दोन क्षण थांबणारा मुलगा तिथे कच्चा ठरतो. तोच उद्या तहसील कचेरीत फेरफाराच्या तक्रारीवर बसेल, समोर दोन भाऊ एकमेकांचे बोलणे तोडत असतील, आणि मध्ये न पडता दोघांचे पुरते ऐकून घेऊन टिपण लिहिणारा माणूसच तिथे लागतो.

खासगी क्षेत्रात आणि व्यवस्थापन प्रवेशांत हाच प्रश्न गटचर्चेच्या रूपाने आला. आठ-दहा जण, एक विषय, पंधरा-वीस मिनिटे, आणि पहिले वाक्य कोण पकडतो याची झटापट. 2012 च्या सुमारास बऱ्याच नामवंत संस्थांनी गटचर्चा काढून तिथे छोटी लेखन चाचणी आणली. कॅम्पस भरतीत मात्र ती अजून ठाण मांडून आहे.

संशोधन या बाबतीत बरेच आधी पोचले होते. 1958 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात चार-चार जणांचे गट एकत्र बसवून कल्पना मागितल्या, आणि तितकेच लोक स्वतंत्र बसवूनही. पुनरावृत्ती वगळून मोजल्यावर एकेकट्याने विचार करणाऱ्यांची बेरीज जवळपास दुप्पट भरली. 2011 मध्ये पिझ्झा पोचवणाऱ्या 57 दुकानांच्या अभ्यासात आणखी बारीक गोष्ट दिसली. कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील तिथे शांत स्वभावाच्या व्यवस्थापकाचे दुकान जास्त नफा कमावत होते. कर्मचारी सांगेल तेवढेच करणारे असतील तर बोलका व्यवस्थापक सरस. हा दुसरा भाग अबोलांची बाजू घेणारे लोक सहसा गाळतात.

नव्या पद्धतीचा हिशोब त्यामुळे दोन्हीकडे कलतो. ज्या वर्णनात्मक लेखीला एवढा विरोध झाला, तिच्यात मुद्दा मनात घोळवून मांडणाऱ्याला पर्याय रंगवण्यापेक्षा कितीतरी जास्त वाव आहे. मुलाखतीत मात्र त्याला 100 ऐवजी 275 गुणांना सामोरे जायचे आहे, आणि 12.2 टक्क्यांचे ते माप आज कुणाच्या चर्चेत नाही.