जिभेच्या नसेवर बसवलेले यंत्र काढताना

मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, ही समजूत मराठवाड्यात अजून घरोघरी आहे. प्रत्यक्षात अशा अनेकांच्या जिभेचे बूड मागे पडून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, माणूस दचकून श्वास घेतो आणि हेच रात्रभर चालते. हाच स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार. पूर्वी यावर गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ मध्ये सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी मास्कमधून हवेचा दाब देणारी सीपॅप पद्धत मांडली. ती गुणकारी असली तरी अनेकांना मास्क सोसवत नाही; आणि आपल्याकडे रात्री वीज गेली की यंत्रही थांबते.

म्हणून जिभेला हालवणाऱ्या नसेलाच सौम्य विद्युत्प्रवाह देणाऱ्या यंत्राचा विचार पुढे आला: छातीत त्वचेखाली बॅटरीचा डबा आणि त्याला तारेने जोडलेली, हनुवटीखाली नसेभोवती गुंडाळलेली पट्टी. २००१ मध्ये आठ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१४ मध्ये १२६ रुग्णांच्या अभ्यासात श्वास अडण्या-मंदावण्याचे मध्यक प्रमाण ताशी २९.३ वरून वर्षभरात ९ वर आले आणि त्याच वर्षी अमेरिकेत या यंत्राला मान्यता मिळाली.

ते काढण्याची वेळ जंतुसंसर्गाने, सततच्या टोचणीने, अपेक्षित गुण न आल्याने किंवा एमआरआयच्या गरजेने येते, कारण सुरुवातीच्या यंत्राला एमआरआय चालत नसे. नुसती बॅटरी संपली, जी साधारण अकरा वर्षे टिकते, तर छातीतला डबाच बदलतात. तो त्वचेखाली असल्याने सहज निघतो. खरी कसोटी हनुवटीखाली लागते. काही मिलिमीटर जाडीच्या नसेच्या फांदीभोवती गुंडाळलेली पट्टी हलू नये म्हणूनच बनवलेली असते आणि काही महिन्यांत तिच्याभोवती व्रणाची चिवट ऊती धरते. ती खरवडून सोडवताना नस दुखावण्याची भीती असल्याने काही शल्यविशारद तार कापून पट्टी आतच ठेवतात. माझ्या मते संसर्ग नसेल तर हा सबुरीचा निर्णय चुकीचा नाही, मात्र राहिलेल्या धातूमुळे पुढचा एमआरआय अडू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

परदेशात मुलांकडे असताना यंत्र बसवून लातूर-नांदेडला परतलेल्या ज्येष्ठांनी यंत्राचे कार्ड आणि शस्त्रक्रियेची टिपणे जपून ठेवावीत, कारण कुठली आवृत्ती आत आहे हे त्यावरूनच कळते. यंत्र निघाले की श्वास पुन्हा अडू लागतो, तेव्हा सीपॅप आणि इन्व्हर्टरची सोय आधीच झालेली असावी. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगतात; ती ज्या बाजूला वळते, त्या बाजूची नस दुखावलेली असते.