डेक्कन कॉलेज, पुणे

पुण्याच्या येरवडा भागातील पदव्युत्तर शिक्षण व संशोधन संस्था. संस्कृत कोशविद्या, पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र या तीन विषयांतील कार्यासाठी ती विशेष ओळखली जाते. १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

स्थापनावर्ष : संस्था आपला आरंभ १८२१ मध्ये मानते. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला पुण्यातील विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली; समकालीन लेखनात तिचा ‘हिंदू कॉलेज’ असाही उल्लेख येतो. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी तिच्या खर्चासाठी पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेचा एक भाग वळवला. ही दक्षिणा मुळात कोणाची, याविषयी एकमत नाही. तळेगावच्या दाभाडे सेनापतींनी हा प्रघात पाडला आणि डभईच्या लढाईनंतर (१७३१) तो पेशव्यांकडे आला, असे सामान्यतः मानले जाते. काही लेखक त्याचे मूळ शिवकाळापर्यंत नेतात. परंतु शिवकाळातील विद्वानांचा सत्कार आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात (दक्षिणावाटपाच्या आवारात) होणारे श्रावणातले वाटप या एकाच गोष्टी नव्हेत. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा १८५१ मध्ये एकत्र करून ‘पूना कॉलेज’ झाले. त्याच सुमारास दक्षिणेच्या निधीतून मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याची व्यवस्था सुरू झाली. ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव १८६४ च्या सुमारास रूढ झाले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्यास निओ-गॉथिक शैलीची दगडी इमारत उभी राहिली. तिचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा होता. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले. म्हणजे दक्षिणेच्या निधीवर चाललेल्या पाठशाळेची परंपरा १८२१ पासून, आधुनिक महाविद्यालयाची १८५१ पासून आणि आजच्या संशोधनसंस्थेची १९३९ पासून, असे तीन आरंभ वेगळे ठेवणे अभ्यासाच्या दृष्टीने सोयीचे ठरते.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ कीलहॉर्न व रा. गो. भांडारकर हे येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. लोकमान्य टिळक, गो. ग. आगरकर, वि. का. राजवाडे हे येथील विद्यार्थी. टिळकांची वसतिगृहातील खोली स्मारक म्हणून जपलेली आहे.

बंदी व पुनरुज्जीवन : काटकसरीच्या नावाखाली मुंबई सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. जिजीभाई यांची देणगी कॉलेजसाठी होती, तेव्हा इमारत व निधी सरकारला मन मानेल तसे वापरता येणार नाहीत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदवीपूर्व वर्ग वगळून ती संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाली. इ. जे. एस. तारापोरवाला पहिले संचालक झाले. १९४२ पासून जवळजवळ तीस वर्षे सुमित्र मंगेश कत्रे त्या पदावर होते. आरंभीच्या अध्यापकवर्गात ह. धी. सांकलिया (पुरातत्त्व), इरावती कर्वे (समाजशास्त्र व मानवशास्त्र) आणि त्र्यं. शं. शेजवलकर (मराठ्यांचा इतिहास) होते. शेजवलकरांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ संस्थेनेच १९४६ मध्ये प्रसिद्ध केला. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांचे साताऱ्याचे संग्रहालयही येथे आले.

संस्कृत महाकोश : कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत-इंग्रजी कोशाची योजना हाती घेतली. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द व त्यांचे संदर्भ स्वतंत्र चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात जाते. प्रत्येक शब्दाचे अर्थ कालक्रमाने मांडायचे असल्याने ग्रंथांची काळनिश्चिती ही पूर्वअट ठरते, आणि संस्कृत वाङ्मयात नेमकी तीच सर्वांत वादग्रस्त आहे. अमुक पुराण सहाव्या शतकातले की दहाव्या, यावर अर्थाची जागा बदलते. म्हणून कोशातील अर्थक्रम हा शब्दाचा सिद्ध इतिहास न समजता संपादकीय मत समजावा, हे बरे. पहिला भाग अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर अनेक खंड प्रसिद्ध झाले असले, तरी छपाई अद्याप ‘अ’ या अक्षरातच आहे. पूर्वपद ‘अ-’ असलेल्या नकारार्थी समासांची विपुलता हेही या संथपणाचे एक कारण आहे.

पुरातत्त्व : सांकलियांनी गुजरातमध्ये लांघणज, नंतर महाराष्ट्रात नाशिक-जोर्वे (१९५०-५१) व नेवासे, आणि नर्मदातीरी महेश्वर-नवडाटोली येथे उत्खनने केली. प्रवराकाठच्या जोर्वे गावावरून दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या) संस्कृतीस नाव मिळाले. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन (१९६८–८३) त्यांपैकी सर्वांत विस्तृत होय. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचा त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीचा काळ सु. इ. स. पू. १६०० ते ७०० मानला जातो. मुलांचे दफन घराच्या जमिनीखाली तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत, तर प्रौढांचे बहुधा घोट्याखालचे पाय तोडून केले जाई. मृताने परत फिरून येऊ नये, हा त्याचा नेहमी दिला जाणारा अर्थ अनुमानाचाच आहे. उत्तर जोर्वे काळात (या संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यात) चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात. ढवळीकर याचा संबंध पर्जन्यमान घटण्याशी जोडतात. हवामानाचा वाटा मान्य करूनही तेवढ्या एकाच कारणावर ऱ्हास उभा करण्यास अनेक अभ्यासक राजी नाहीत, आणि त्यांचा सावधपणा योग्य वाटतो.

हरियाणातील राखीगढी येथे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील एका स्त्रीच्या सांगाड्यातील प्राचीन डीएनएचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका व्यक्तीच्या नमुन्यावरून आर्यप्रश्नाचा (आर्य बाहेरून आले की येथलेच, या वादाचा) निकाल लावण्याची घाई वृत्तपत्रांनी केली.

भाषाशास्त्र व सन्मान : १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने पुण्यात भाषाशास्त्राची शिबिरे भरली. त्यांतून भारतातील वर्णनात्मक भाषाशास्त्राची (बोलल्या जाणाऱ्या भाषेची रचना जशी आहे तशी नोंदवणाऱ्या शाखेची) पहिली पिढी तयार झाली. अशोक केळकर येथेच अध्यापक होते. त्यांना पद्मश्री (२००२) व साहित्य अकादमी पुरस्कार (२०१०) मिळाले. सांकलियांना पद्मभूषण (१९७४), ढवळीकरांना पद्मश्री (२०११) आणि इरावती कर्वे यांना ‘युगान्त’साठी साहित्य अकादमी पुरस्कार (१९६८) मिळाला.